पाणी दुसऱ्यांदा वापरताना

मुळशी तालुक्यातले मारुंजी हे गाव मुळा आणि पवना या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात वसले आहे. एका अंगाला हिंजवडीचे राजीव गांधी इन्फोटेक पार्क, दुसऱ्या अंगाला जांबे आणि नेरे. एका पिढीपूर्वी इथे शेती आणि माळरान होते. आज उंच इमारती आहेत, मुलामुलींची वसतिगृहे आहेत, खानावळी आहेत आणि शिक्षणसंस्था आहेत. अलार्ड विद्यापीठ मारुंजीतच आहे. याच तालुक्यात लवळ्याला सिंबायोसिस आणि फ्लेम या दोन विद्यापीठांचे परिसर आहेत. या पट्ट्यात माणसे आधी राहायला आली. नळाची आणि ड्रेनेजची वाहिनी मागून, रखडत येत राहिली. म्हणून उन्हाळा लागला की इथल्या रस्त्यांवर पाण्याचे टँकर धावू लागतात.

टँकरने आलेले पाणी दिवसभरात वापरून होते आणि त्यातले बहुतेक मैलापाणी होऊन बाहेर पडते. हे बाहेर पडणारे पाणी हाच अशा परिसराचा सर्वांत भरवशाचा जलस्रोत आहे, हे या प्रकरणात सांगायचे आहे. बोअर आटते, धरणातला वाटा कमी होतो, टँकरचा दर वाढतो. माणसे राहत आहेत तोवर सांडपाणी मात्र रोज येतच राहते. ते पुन्हा वापरण्याजोगे करण्याचे शास्त्र शंभर वर्षांहून जुने आहे. अवघड आहे ते हे काम वर्षानुवर्षे नीट चालू ठेवणे. आणि त्यासाठी विद्यापीठाइतकी योग्य जागा दुसरी नाही.

धरणाच्या तालुक्यातली टंचाई

मुळशीला पाण्याची आठवण मोठी आहे. मुळा नदीवर टाटा कंपनीने बांधायला घेतलेल्या धरणाविरुद्ध १९२१ साली इथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला आणि सेनापती बापट त्याचे पुढारी झाले. धरण झालेच. त्यात साठणारे पाणी सह्याद्री ओलांडून भिऱ्याच्या वीजकेंद्राकडे, कोकणात उतरते. सह्याद्रीच्या माथ्यावर धो धो पाऊस पडणाऱ्या तालुक्याच्या पूर्वेकडच्या गावांना उन्हाळ्यात टँकर लागतो, याचे कोडे इथे सुटते. पाऊस कुठे पडतो यावर पाणी कुणाला मिळेल ते ठरत नाही. ते धरण, वाहिनी आणि करार यांवर ठरते.

जमिनीखालचे पाणीही हवे तेवढे नाही. हा सारा प्रदेश बेसॉल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा आहे. वाळूच्या जाड थरात साठते तसे पाणी त्यात साठत नाही. झिजलेल्या मुरमात आणि खडकाच्या भेगांमध्ये जेवढी जागा असेल तेवढेच. या भेगा आणखी एका कारणाने महत्त्वाच्या आहेत. सेप्टिक टँकमधून झिरपलेले किंवा ओढ्यात सोडलेले मैलापाणी त्यांच्यातून फारसे न गाळले जाता शेजारच्या विहिरीपर्यंत पोहोचू शकते. मातीचा जाड थर करतो ती सफाई भेगाळलेला खडक करत नाही.

जे झिरपत नाही ते वाहते. मारुंजीच्या परिसरातला ओढा मुळेकडे उतरो की पवनेकडे, शेवट एकच आहे. या दोन्ही नद्या दापोडीजवळ एकत्र येतात, पुढे पुण्याच्या संगमावर मुठा मिळते, मग मुळामुठा भीमेला मिळते आणि भीमा उजनीच्या जलाशयात शिरते. उजनीचे पाणी सोलापूर पिते आणि उजनीच्या खाली पंढरपूर आहे. दरवर्षी उन्हाळ्यात मुळा-पवनेवर पसरणारी जलपर्णी सांडपाण्यातल्या नायट्रोजन आणि फॉस्फरसवर पोसलेली असते. वरच्या गावातल्या वसतिगृहाची मोरी आणि खालच्या शहराचा नळ यांच्यामध्ये नदीखेरीज दुसरे काही नाही.

हिशेब

किती पाण्याची ही गोष्ट आहे, ते आकड्यांत पाहू. भारतीय मानकांनुसार निवासी माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. त्यांतले ४५ लिटर फ्लशसाठी. दिवसभर येऊन जाणाऱ्या विद्यार्थ्याला ४५ लिटर धरतात. त्यांतले २० फ्लशसाठी. वापरलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के सांडपाणी म्हणून परत येते, असा अभियंत्यांचा रूढ ठोकताळा आहे.

आता नमुन्यादाखल एक परिसर मनाशी धरा. वसतिगृहांत १,००० विद्यार्थी आणि बाहेरून येणारे २,०००. पहिल्यांना १,३५,००० लिटर, दुसऱ्यांना ९०,००० लिटर. मिळून रोज २,२५,००० लिटर. त्यातून १,८०,००० लिटर सांडपाणी निघते. शुद्धीकरणात गाळाबरोबर आणि फिल्टर धुण्यात दहा टक्के गेले असे धरले, तरी १,६२,००० लिटर हाती उरते.

हे पाणी लागते कुठे? फ्लशला ४५,००० अधिक ४०,००० म्हणजे ८५,००० लिटर. दोन एकर बागेला चौरस मीटरला चार लिटर धरले तर सुमारे ३२,००० लिटर. या दोनच वापरांत १,१७,००० लिटर खपते. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर रोजचे जवळपास १२ टँकर वाचतात. त्यानंतरही सुमारे ४५,००० लिटर शिल्लक राहते. ते वातानुकूलन यंत्रणेच्या कूलिंग टॉवरला, रस्ते धुवायला किंवा बांधकामाला देता येते.

या हिशेबात एक गोष्ट नजरेत भरते. फ्लशसाठी लागणारे पाणी पिण्याच्या दर्जाचे असण्याचे काहीच कारण नाही. तरीही आपण धरणातून उचललेले, गाळलेले, क्लोरीन घातलेले पाणी रोज संडासात ओततो. पुनर्वापराचा पहिला आणि सर्वांत मोठा लाभ हे ओतणे थांबवण्यात आहे.

जिवाणूंकडून काम करून घेणे

सांडपाण्यात ९९ टक्क्यांहून अधिक पाणीच असते. उरलेल्या अंशात विष्ठा, मूत्र, अन्नाचे कण, तेल, साबण आणि रोगजंतू असतात. यातला सेंद्रिय भाग कुजताना पाण्यातला प्राणवायू खातो. स्वच्छ पाण्यात २५ अंश तापमानाला लिटरमागे जेमतेम आठ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. लिटरभर ताजे मैलापाणी कुजवायला २०० ते ३०० मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. असे पाणी ओढ्यात गेले की मासे का मरतात, ते या दोन आकड्यांवरून कळते. ही भूक मोजण्याच्या मापाला जैविक ऑक्सिजन मागणी, म्हणजेच बीओडी म्हणतात. आपल्याकडे ती २७ अंश तापमानाला तीन दिवस नमुना ठेवून मोजतात.

ओढ्यात जे आपोआप आणि घातक रीतीने घडते, तेच टाकीत, भरपूर हवा देऊन, थोड्या तासांत घडवून आणणे म्हणजे सांडपाण्याचे शुद्धीकरण. ही पद्धत इंग्लंडात मँचेस्टरच्या डेव्हीहुल्म केंद्रावर एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी शोधली आणि १९१४ साली जाहीर केली. सांडपाण्यात हवा सोडत राहिले की तपकिरी गाळ तयार होतो. तो गाळ फेकून न देता नव्या सांडपाण्यात पुन्हा मिसळला, तर पुढचे पाणी पहिल्यापेक्षा फार लवकर स्वच्छ होते, हे त्यांच्या ध्यानात आले. या गाळात कोट्यवधी जिवाणू असतात. उद्याच्या दह्यासाठी आजचे विरजण राखून ठेवावे, तसा हा गाळ राखायचा असतो.

या दोघांना त्या वाटेवर नेणारे रसायनशास्त्रज्ञ होते गिल्बर्ट फाउलर. ते १९१६ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले आणि हा विषय त्यांनी भारतात आणला. जगभर आज वापरात असलेली ही पद्धत नवी नवी असतानाच एका भारतीय शिक्षणसंस्थेत तिच्यावर काम सुरू झाले होते, याची आठवण आपल्या विद्यापीठांनी ठेवायला हवी.

आजच्या सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पात, म्हणजे एसटीपीत, पाण्याचा प्रवास असा होतो. पहिल्या जाळीवर प्लास्टिक, कापड, सॅनिटरी पॅड अडतात. मेसकडून येणारे पाणी आधी तेल अडवणाऱ्या कुंडीतून जाते. मग समतोल टाकी. वसतिगृहात सकाळी सहा ते नऊ या वेळात पाण्याचा लोंढा येतो आणि दुपारी धार बारीक होते. ही टाकी लोंढा साठवून पुढे सारख्या गतीने सोडते. पुढे हवेची टाकी. तळाशी बसवलेल्या डिफ्यूझरमधून ब्लोअर बारीक बुडबुडे सोडतो आणि जिवाणू घाण खातात. एमबीबीआर पद्धतीत या टाकीत प्लास्टिकच्या छोट्या चकत्या तरंगत असतात आणि जिवाणू त्यांच्या अंगावर थर धरून राहतात. एसबीआर पद्धतीत हवा देणे आणि निवळणे एकाच टाकीत पाळीपाळीने होते. एमबीआर पद्धतीत अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून पाणी ओढून घेतात. इतर पद्धतींत त्यानंतर पाणी निवळते, वाळूच्या आणि कोळशाच्या फिल्टरमधून जाते आणि शेवटी क्लोरीन, ओझोन किंवा अतिनील किरणांनी त्यातले रोगजंतू मारतात.

अनुभवी ऑपरेटर ही टाकी नुसती पाहून तिची प्रकृती सांगतो. गाळ चॉकलेटी तपकिरी आणि पावसाळी मातीसारख्या वासाचा असेल तर जिवाणू सुखात आहेत. काळपट रंग आणि कुजक्या अंड्याचा वास आला तर हवा कमी पडते आहे. पांढरा फेस दाटला तर गाळ अजून कोवळा आहे किंवा साबणाचा मारा जास्त झाला आहे. टाकीतले पाणी एक लिटरच्या नळीत अर्धा तास ठेवायचे आणि गाळ किती खाली बसला ते पाहायचे, ही चाचणी अकरावीचा विद्यार्थीही करू शकतो. एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि देठावर डुलणारे व्हॉर्टिसेला किंवा रोटिफर दिसले, तर प्रकल्प नीट चालला आहे असे समजायला हरकत नाही.

अळू, कर्दळ आणि गांडुळे

या पद्धतीची मोठी अडचण वीज. अशा प्रकल्पात निम्म्याहून अधिक वीज हवा देण्यातच जाते. ब्लोअर काही तास बंद राहिला की जिवाणू गुदमरतात आणि वास सुटतो. म्हणून जिथे जागा आहे तिथे कमी विजेच्या वाटा पाहाव्यात. विद्यापीठांकडे जागा असते.

मोरीचे पाणी परसातल्या अळूला, कर्दळीला आणि केळीला सोडण्याची रीत महाराष्ट्रातल्या घरोघरी होती. नागपूरच्या नीरी या राष्ट्रीय संस्थेने याच तत्त्वाला शास्त्रशुद्ध रूप देऊन ‘फायटोरिड’ पद्धत विकसित केली. खडी भरलेल्या उथळ कुंडांत कर्दळ, पाणकणीस, नळ अशा वनस्पती लावतात आणि आधी निवळलेले सांडपाणी त्या खडीतून आडवे सरकत जाते. मुळांच्या आसपास जिवाणू राहतात, मुळे त्यांना थोडा प्राणवायू पुरवतात आणि वनस्पती नायट्रोजन-फॉस्फरस उचलतात. पाणी खडीच्या पृष्ठभागाखाली राहत असल्यामुळे डास होत नाहीत. मुंबई विद्यापीठाच्या कलिना परिसरात या पद्धतीचा प्रकल्प उभारला गेला.

मुंबईच्याच आयआयटीत रसायन अभियांत्रिकीचे प्राध्यापक एच. एस. शंकर यांनी मृदा जैवतंत्रज्ञान विकसित केले. त्यात खास तयार केलेल्या मातीच्या थरावर सांडपाणी शिंपडतात. जिवाणू, गांडुळे आणि वरची झाडे मिळून ते शुद्ध करतात. हवा मातीतच खेळत असल्याने ब्लोअर लागत नाही. पाणी वर चढवणारा पंप पुरतो.

मारुंजीपासून फार लांब नसलेल्या देहूत याच विचाराने आयुष्यभर काम केलेला एक माणूस होता. डॉ. एस. व्ही. मापुसकर १९६०च्या सुमारास तिथल्या आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून आले. पोटाच्या रोगांवर औषध देत बसण्यापेक्षा मैल्याची व्यवस्था लावणे हा खरा उपचार आहे, हे त्यांनी ओळखले. कोकणातल्या कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्यापासून खत आणि गॅस करण्याचे प्रयोग केले होते. तो धागा पकडून मापुसकरांनी ‘मलप्रभा’ हे शौचालयाला जोडलेले बायोगॅस संयंत्र घडवले. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. अप्पासाहेब आणि मापुसकर या दोघांनी मैल्याकडे किळस बाजूला ठेवून पाहिले आणि त्यात खत, इंधन व पाणी पाहिले. आज विद्यापीठांना नेमकी हीच नजर हवी आहे.

परिसराच्या खोडी

गृहसंकुलाचा एसटीपी जसाच्या तसा विद्यापीठात बसवला तर तो फसतो, कारण विद्यापीठाची दिनचर्या वेगळी असते.

पहिली अडचण सुट्टीची. दिवाळीत आणि मे महिन्यात वसतिगृहे रिकामी होतात. सांडपाणी येईनासे होते आणि जिवाणूंची उपासमार होते. जूनमध्ये एकदम हजार मुले परततात तेव्हा टाकीत काम करणारे कुणी उरलेले नसते. यावर उपाय सोपे आहेत. प्रकल्प दोन समांतर भागांत बांधायचा आणि सुट्टीत एकच भाग चालू ठेवायचा. साठवलेले पाणी थोडे थोडे सोडत राहायचे. आणि सत्र सुरू होण्याआधी दोनतीन आठवडे शेणकाला किंवा चालू प्रकल्पातला गाळ टाकून जिवाणूंची वाढ पुन्हा सुरू करायची. शैक्षणिक वेळापत्रक ठरवताना एसटीपीच्या ऑपरेटरलाही त्याची प्रत द्यायला हवी.

दुसरी अडचण मेसची. हजार मुलांच्या स्वयंपाकाचे तेल आणि खरकटे सरळ गटारात गेले तर पाइप तुंबतात आणि टाकीवर तेलाचा तवंग धरून हवा अडते. तेल अडवणारी कुंडी ठरल्या दिवशी रिकामी करणे, हे काम कुणाच्या तरी नावावर लिहिलेले असावे लागते.

तिसरी आणि सर्वांत दुर्लक्षित अडचण प्रयोगशाळांची. रसायनशास्त्राच्या बेसिनमधून ओतलेले आम्ल, जड धातूंचे क्षार, जीवशास्त्र विभागातले फॉर्मॅलिन हे सगळे जिवाणूंना मारक असते. धातू जिवाणूंना पचत नाहीत. ते गाळात बसतात आणि तो गाळ बागेला घातला की मातीत जातात. म्हणून प्रयोगशाळेचे पाणी वेगळ्या वाहिनीने वेगळ्या टाकीत जायला हवे आणि घातक रसायने बाटल्यांत साठवून अधिकृत विल्हेवाट केंद्राकडे पाठवायला हवीत. पहिल्या वर्षाच्या पहिल्या प्रात्यक्षिकाला हे शिकवले पाहिजे.

दुसरी वाहिनी

शुद्ध झालेले पाणी फ्लशपर्यंत न्यायचे तर प्रत्येक इमारतीत दोन स्वतंत्र वाहिन्या आणि गच्चीवर दोन स्वतंत्र टाक्या लागतात. इमारत बांधतानाच हे केले तर खर्च थोडा येतो. नंतर भिंती फोडून करायचे तर तो कितीतरी वाढतो. म्हणून जुन्या परिसरांतले प्रक्रिया केलेले पाणी बहुधा बागेपुरतेच राहते आणि पावसाळ्यात बागेला पाणी नको झाले की ओढ्यात सोडले जाते. नव्या वसतिगृहाचा नकाशा मंजूर होतानाच दुसरी वाहिनी त्यात आहे ना, हे पाहायला हवे.

दोन वाहिन्यांची सरमिसळ कधीही होता कामा नये. जगभर पुनर्वापराच्या पाण्यासाठी जांभळा पाइप वापरण्याची चाल आहे. त्या पाण्याच्या प्रत्येक तोटीवर ‘पिण्यासाठी नाही’ अशी पाटी हवी आणि बागेतल्या तोट्या किल्लीने उघडणाऱ्या हव्यात. प्लंबर बदलला, घाईत चुकीचा जोड दिला, तर मैल्याचे जंतू पिण्याच्या टाकीत जातात. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात, नांदेड-किरकटवाडीच्या बाजूला, गीयाँ-बारे या चेताविकाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले तेव्हा काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू मिळाला आणि संशय दूषित पाण्याकडे गेला. शहराच्या वाढत्या कडेला पाणी आणि मैला यांच्यातले अंतर किती थोडे उरले आहे, हे त्या साथीने दाखवले. मारुंजीही अशाच कडेवर आहे.

पुनर्वापराचा एक तोटाही ध्यानात ठेवावा. तेच पाणी फ्लशमधून पुन्हा पुन्हा फिरले की दर फेरीला त्यातले क्षार वाढतात. जिवाणू क्षार खात नाहीत. त्यामुळे काही भाग सतत बाहेर काढावा लागतो, आणि बागेची माती वर्षातून एकदा तरी तपासावी लागते. योग्य प्रक्रिया करून सांडपाण्याचे पिण्याचे पाणी करता येते. नामिबियातले विंडहूक शहर १९६८ पासून ते करत आहे आणि सिंगापूरने २००३ मध्ये ‘न्यूवॉटर’ सुरू केले. त्यासाठी लागणारी यंत्रणा आणि अहोरात्र देखरेख कॉलेजच्या आवाक्यातली नाही. परिसराने फ्लश, बाग आणि कूलिंग टॉवर एवढ्यावर समाधान मानावे. त्यातच मोठी बचत आहे.

बांधलेले आणि चाललेले

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ सालच्या अहवालानुसार देशातल्या शहरी भागात रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होते. उभारलेल्या प्रकल्पांची क्षमता होती ३१,८४१ दशलक्ष लिटर. प्रत्यक्षात शुद्ध होत होते २०,२३६ दशलक्ष लिटर. पहिल्या दोन आकड्यांतली तफावत पैशाची आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्यातली तफावत मात्र निष्काळजीपणाची आहे, कारण तो पैसा खर्च होऊन गेलेला आहे. प्रकल्प उभा आहे आणि तो चालवला जात नाही.

नियम पुरेसे आहेत. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१९ मध्ये शुद्ध केलेल्या सांडपाण्याची बीओडी लिटरला १० मिलिग्रॅमच्या आत असावी असा दंडक घातला. महाराष्ट्राच्या २०२० सालच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत ठरावीक आकाराच्या वरच्या इमारतींना पुनर्वापराची सोय बंधनकारक आहे आणि त्यात शैक्षणिक इमारती येतात. केंद्राच्या २००६ सालच्या अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटरच्या वरच्या बांधकामांना पर्यावरण मंजुरी लागते. त्यातून शाळा, महाविद्यालये आणि वसतिगृहांना दिलेली सवलत सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये रद्द केली. ते योग्यच झाले. शिक्षण देतो म्हणून मैला कमी घाण होत नाही.

पण नियमाने प्रकल्प उभा राहतो, चालतो तो माणसाने. बहुतेक ठिकाणी एसटीपी मागच्या कुंपणाशी, तळघरात, कुणाच्या नजरेला पडणार नाही असा असतो. तो चालवणारा कंत्राटी कामगार पाळीपाळीने बदलतो. त्याला प्रशिक्षण नसते आणि त्याच्या वहीतले आकडे कुणी वाचत नाही. त्याहून गंभीर म्हणजे त्याला टाकीत उतरवले जाते. बंद टाकीत साठलेला हायड्रोजन सल्फाइड काही श्वासांत माणसाला बेशुद्ध करतो. २०२२ साली पुण्याजवळच्या वाघोलीत मैलाटाकीत उतरलेले कामगार असेच दगावले. २०१३च्या कायद्याने मैला हाताने साफ करायला लावणे गुन्हा आहे. जो परिसर आपल्या कामगाराला मैलाटाकीत उतरवतो, त्याने हरित परिसराचा फलक लावू नये.

प्रयोगशाळा म्हणून एसटीपी

विद्यापीठ इतरांहून चांगले का करू शकते? कारण सांडपाणी तयार करणारे, ते शुद्ध करण्याचे शास्त्र जाणणारे, ते तपासू शकणारे आणि शुद्ध पाणी वापरणारे सगळे एकाच आवारात असतात. गृहसंकुलाला बीओडी तपासायला बाहेर नमुना पाठवावा लागतो. विद्यापीठात ती चाचणी अभ्यासक्रमातच असते. स्थापत्यचे विद्यार्थी प्रवाह मोजतील, सूक्ष्मजीवशास्त्राचे विद्यार्थी गाळ पाहतील, विद्युत अभियांत्रिकीचे विद्यार्थी ब्लोअरची वीज कमी करण्याचे उपाय शोधतील, वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी बागेच्या मातीतले क्षार तपासतील. अमेरिकेत अटलांटाच्या एमरी विद्यापीठाने २०१५ साली ‘वॉटरहब’ नावाचा प्रकल्प उभारला. तो दिवसाला चार लाख गॅलन, म्हणजे सुमारे १५ लाख लिटर सांडपाणी शुद्ध करण्याच्या क्षमतेचा होता. काचगृहात, वनस्पतींच्या मुळांच्या मदतीने पाणी शुद्ध होत असे आणि ते पाहायला विद्यार्थी व पाहुणे येत. एसटीपी दाखवण्याची जागा होऊ शकते, हे त्याने सिद्ध केले.

आपल्याकडे त्यासाठी काचगृहाची गरज नाही. तीन गोष्टी केल्या तरी पुष्कळ आहे. एक, प्रकल्पाची जबाबदारी ठेकेदाराबरोबर एका प्राध्यापकावर आणि एका विभागावर नावानिशी असावी. दोन, रोज किती पाणी आले, किती शुद्ध झाले, किती वापरले आणि त्याचा दर्जा काय होता, हे आकडे ग्रंथालयाच्या दाराशी फलकावर लिहिले जावेत. चांगला दिवस असो वा वाईट. तीन, ऑपरेटरला प्रशिक्षण, कायम नोकरी आणि सुरक्षेची साधने मिळावीत आणि विद्यार्थ्यांना शिकवायला त्यालाही बोलवावे. टाकीचा वास ओळखण्याचे त्याचे ज्ञान पुस्तकात मिळत नाही.

नागपूर महापालिका आपले शुद्ध केलेले सांडपाणी कोराडी आणि खापरखेड्याच्या वीजकेंद्रांना देते. लाखो लोकवस्तीच्या शहराला जे जमते, ते तीन हजार माणसांच्या आवाराला जमायला हवे. मारुंजीसारख्या गावात तर ते शेजारधर्माचेही काम आहे. विद्यापीठाने वाचवलेला प्रत्येक टँकर त्याच विहिरी-बोअरच्या पाण्यावर जगणाऱ्या गावासाठी उरतो आणि ओढ्यात न सोडलेला मैला त्याच गावाच्या विहिरीत जात नाही.

म्हणून प्रवेशासाठी कॉलेज पाहायला जाणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या पालकांना माझी एक विनंती आहे. वर्गखोल्या, ग्रंथालय आणि प्लेसमेंटचे आकडे पाहून झाले की एसटीपी कुठे आहे ते विचारा. तो पाहायला मागा. कालच्या तारखेची नोंदवही उघडायला सांगा. शुद्ध पाणी कुठे जाते ते विचारा. ज्या संस्थेत या प्रश्नांची उत्तरे तिथल्या तिथे मिळतात, तिथले शिक्षणही खरे असण्याची शक्यता जास्त आहे.